मृतदेहाची बायोप्सी?

रानजाई
परवा आमच्याकडच्या एका दैनिकात बातमी होती. रुग्णालयात दाखल केल्यावर काही तासांतच दगावलेल्या एका तरुणाच्या ‘मृतदेहाची बायोप्सी करून नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले’. कुणीतरी ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. भाचेमंडळींनी बातमीदाराची यथेच्छ टिंगल केली. बायोप्सी जिवंत माणसाची आणि मेल्यावर करतात ती ऑटोप्सी, एवढंही कळत नाही का वगैरे. तेवढ्यात माझ्या मावसबहिणीने खाली लिहिलं, “मला हीच करायला सांगितली आहे ना?” तिच्या स्तनात गाठ लागली आहे.

गट चिडीचूप. फक्त एक काका बोलले, “सुई लावून घेऊ नकोस, लावली की पसरतं.”

म्हणून हा धागा. व्याख्या गूगलवर मिळतात, त्या नकोत. प्रत्यक्षात काय होतं, कोण करतं, नाही म्हणता येतं का, आणि काकांच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, ते अनुभवींनी सांगा.

टिवल्याबावल्या
बायोप्सीचा रिपोर्ट आणायला पेशंट स्वतः जाऊ शकतो. धागा संपला.

पॅथोबुवा
टिवल्या, तेवढ्यावर परीक्षेत एक मार्क नक्की मिळेल.

मी पॅथॉलॉजिस्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी छोटी लॅब आहे. पहिली गोष्ट, बायोप्सी ‘करणारा’ बहुतेक वेळा मी नसतोच. गाठीतला, जठरातला, कातडीतला किंवा किडनीतला तुकडा काढतो सर्जन, एंडोस्कोपीवाला, त्वचेचा डॉक्टर नाहीतर सोनोग्राफीत बघत सुई घालणारा रेडिऑलॉजिस्ट. माझ्याकडे येते ती फॉर्मालिनमध्ये, म्हणजे कुजू न देणाऱ्या द्रावणात, बुडवलेला तुकडा असलेली डबी.

लोक विचारतात, एवढासा तुकडा, मग चार-चार दिवस कशाला? ऐका. आधी फॉर्मालिनमध्ये तो मुरला पाहिजे. मग मशीनमध्ये रात्रभर अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि वितळलेलं मेण भरायचं. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा होतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो मायक्रोटोमवर लावून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. कापांची सलग पट्टी कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या जातात, मग ती अलगद काचेवर उचलायची आणि जांभळा-गुलाबी रंग द्यायचा. पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. त्यानंतर कुठे सूक्ष्मदर्शक. स्तनाच्या गाठीत कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या त्याच ब्लॉकवर होतात आणि त्यांना आणखी काही दिवस जातात. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हर-टूवरचं औषध चालेल की नाही, हे त्यावर ठरतं. नुसता ‘कॅन्सर आहे’ हा आज अर्धवट रिपोर्ट आहे.

शवविच्छेदनात, म्हणजे पोस्टमार्टेममध्ये (पीएम), अख्खा देह तपासतात, आधी बाहेरून, मग आतून. प्रश्नही वेगळा. बायोप्सी विचारते, हे काय आहे आणि आता पुढे काय करायचं. पीएम विचारतं, माणूस गेला कशाने.

अश्वत्थ
माहिती छान, पण काकांना अडाणी ठरवायची घाई नको. आमच्या शेजारच्यांची लिव्हरची बायोप्सी झाली आणि सहा महिन्यांत माणूस गेला. तोवर हिंडत-फिरत होते.

सुगरण_नव्हे
अश्वत्थ, तुम्ही म्हणता तसं माझ्या सासूबाईंच्या बाबतीतही लोक म्हणायचे. आम्ही मात्र बायोप्सी टाळत टाळत सगळे काढे, जडीबुटी करून पाहिलं आणि मगच गेलो होतो. त्यातले महिने कुणी मोजत नाही, सुई लावल्यानंतरचेच मोजतात.

पॅथोबुवा
अश्वत्थ, प्रश्न रास्त आहे, त्यामुळे ‘अफवा’ म्हणून झटकत नाही. सुई ज्या वाटेने बाहेर येते त्या वाटेवर पेशी सांडणं शक्य आहे आणि लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ते क्वचित घडल्याची नोंद आहे. म्हणूनच तिथे सिरोसिस (यकृत आक्रसून कडक होणं) असलेल्या रुग्णाचं सीटी किंवा एमआरआयमधलं चित्र पुरेसं बोलकं असेल तर बायोप्सी न करताच निदान करतात. वृषणाच्या गाठीला तर बाहेरून सुई लावतच नाहीत. संशय असला की जांघेतून छेद घेऊन अख्खं वृषण काढतात आणि मग तपासतात. म्हणजे धोका कुठे आहे हे ठाऊक आहे आणि तिथली पद्धतच वेगळी आहे. स्तनाच्या गाठीत कोअर बायोप्सी ही जगभरची पहिली पायरी आहे. तुकडा न तपासता ऑपरेशन किंवा केमो सुरू करणाऱ्या डॉक्टरला उलट प्रश्न विचारा.

तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत मी न पाहिलेल्या रुग्णावर काही बोलणार नाही. पण लिव्हरच्या पुष्कळ गाठी हाताला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

रानजाई
‘कोअर’ म्हणजे? तिला एका डॉक्टरांनी एफएनएसी सांगितली होती, दुसऱ्यांनी कोअर. ती म्हणते दोघांत एकमत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे.

पॅथोबुवा
गडबड नाही. एफएनएसीत बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरतात. झटपट होते, स्वस्त पडते. पण सुट्या पेशी दिसतात, त्यांची मूळ मांडणी दिसत नाही. थायरॉइडच्या एका प्रकारात साधी गाठ की कॅन्सर हे एफएनएसीवरून सांगताच येत नाही, कारण पेशींनी गाठीचं कवच फोडलंय का ते बघावं लागतं आणि पसरलेल्या पेशींत कवच कुठून येणार? कोअरमध्ये जाड सुईने दोऱ्यासारखा सलग तुकडा निघतो, त्यात मांडणी शाबूत असते. स्तनासाठी कोअर बरी. जागेपुरती भूल देतात, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं.

सुगरण_नव्हे
माझी स्वतःची बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची बायोप्सी झाली आहे, कमरेच्या मागच्या हाडातून. कुशीवर झोपवलं, भुलीचं इंजेक्शन दिलं, ते चावलं. मग डॉक्टर अक्षरशः अंगाचा भार टाकून सुई फिरवत आत घालतात, त्याचा दाब जाणवतो, दुखत नाही. मगज ओढतात तो क्षण मात्र विचित्र. पायापर्यंत आतून कुणीतरी हिसडा दिल्यासारखं वाटलं. सिस्टरने आधीच सांगितलं होतं, “आता एक ओढ लागेल, श्वास सोडा.” ते सांगितलं नसतं तर मी किंचाळले असते. तुमच्या बहिणीला एवढंच सांगा की प्रत्येक पायरीला ‘आता काय करताय’ असं बिनधास्त विचार.

माणदेशी
आमचा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भाचीच्या मानेला गाठ होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती काढली आणि डबी आमच्याच हातात दिली, लॅबला पोचवा म्हणून. रिपोर्ट आला, टीबीसारखं दिसतंय. पुढचे डॉक्टर म्हणाले, औषधाला दाद न देणारा टीबी आहे का ते बघायला कल्चर, म्हणजे जिवंत जंतू वाढवून बघणं पाहिजे, गाठ कुठाय? गाठ सगळी फॉर्मालिनमध्ये. जंतू मेलेले. पोरीच्या मानेत दुसऱ्यांदा सुई.

पॅथोबुवा
माणदेशी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत आणि वारंवार घडतं. टीबीचा संशय असेल तर तुकड्याचे दोन भाग करायचे, एक फॉर्मालिनमध्ये माझ्यासाठी आणि एक साध्या सलाइनमध्ये कल्चर आणि जीन एक्स्पर्ट या टीबीच्या झटपट चाचणीसाठी. नातेवाइकांनी ऑपरेशनच्या आधीच विचारावं, “थोडा सलाइनमध्ये ठेवणार ना?” डॉक्टर चिडले तर चिडू देत.

आणि डबी हातात मिळाली की झाकणावर नाही, डबीच्या अंगावर नाव लिहिलंय का बघा. झाकणं बदलतात.

टिवल्याबावल्या
आमच्याकडे डब्यांची झाकणं बदलली तर चिवड्यात लाडू निघतात. इथे भलताच निघायचा.

अश्वत्थ
बायोप्सीचं पटलं, निदान बरंचसं. पण पीएमचं काय? माझा चुलतभाऊ अपघातात गेला. आम्ही हात जोडून सांगत होतो की कारण समोर दिसतंय, कापू नका. कुणी ऐकलं नाही. रात्रभर शवागारात ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारी ताब्यात दिला. जिवंत माणसाच्या बोटाएवढ्या तुकड्याला सही घेतात आणि अख्ख्या देहाला कुणाची सही नाही?

खाकीपोर
वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे हा संवाद घरी पुष्कळ ऐकलाय. अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणं, साप, बुडणं किंवा संशयास्पद मृत्यू असला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा होतो आणि देह डॉक्टरांकडे जातो. पूर्वी हे सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) १७४ कलमाखाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतं. इथे नातेवाइकांची संमती लागत नाही. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई गेली, तर पंचनामा तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी करतो. आता कल्पना करा, तिथे ‘नातेवाइकांची सही’ कोण करणार? सासरा?

वडील म्हणायचे, हात जोडणाऱ्यांत नव्वद टक्के खरेच दुःखी असतात आणि उरलेल्यांसाठी कायदा आहे.

अश्वत्थ
त्या बाईंचं उदाहरण पटलं. पण ट्रकखाली आलेल्याचं नाही.

निवृत्त_एमओ
ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून आयुष्य गेलं. शवविच्छेदनं किती केली त्याचा हिशेब नाही. अश्वत्थ, तुमचा राग समजतो. ट्रकखाली आलेल्याचंही सांगतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात तुमच्या वहिनींचा दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, मृत्यू अपघातानेच कशावरून? आधी हृदयविकाराचा झटका येऊन मग गाडीवरून पडला नसेल कशावरून? त्याला उत्तर पीएमच्या कागदातच असतं.

सापाचं तर रोजचं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत अपघाती मृत्यू झालेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना २ लाख मिळतात. साप चावून गेलेल्याला रात्रीच नेऊन अग्नी दिला आणि महिन्याभराने माझ्याकडे ‘दाखला द्या’ म्हणत आलेले लोक मी पाहिलेत. कशाचा दाखला देऊ? राख तपासता येत नाही.

काय करतात तेही लिहितो, कारण लोकांच्या मनात जे चित्र आहे ते सत्यापेक्षा भयंकर आहे. छेद गळ्यापासून ओटीपोटापर्यंत. डोकं उघडायचं झालं तर एका कानामागून दुसऱ्या कानामागे केसांतून. चेहऱ्याला हात लागत नाही. अवयव बघून, वजन करून परत ठेवतात आणि शिवतात. कपडे घातल्यावर बहुतेकदा काही दिसत नाही. शिवण नीट घालायची की कशीतरी, हे माणसावर असतं. माझ्या हाताखालचा मदतनीस अंगठाछाप होता, पण शिवण अशी घालायचा की सर्जनने बघावी. लहान मूल असलं की शिवून झाल्यावर तो त्याचे केस विंचरायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं.

विषाचा संशय असला की व्हिसेरा राखून ठेवतात, म्हणजे जठर आणि त्यातलं अन्न, आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं. हे मिठाच्या संपृक्त पाण्यात, फॉर्मालिनमध्ये नाही, कारण फॉर्मालिनने विष शोधायला अडचण होते. बरण्या सीलबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला. तिथला सीए (रासायनिक विश्लेषणाचा) रिपोर्ट येईपर्यंत आमच्या कागदावर ‘मत राखीव’. त्या दोन शब्दांसाठी लोकांनी माझी कॉलर धरली आहे.

रात्रीचं म्हणाल तर १५ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने सूर्यास्तानंतर पीएम करायला परवानगी दिली, तीही उजेड आणि सोयी असतील तिथेच. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले देह हे साधारणपणे त्यातून वगळलेले. आमच्याकडे सोय म्हणजे एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी.

अश्वत्थ
डॉक्टर, दाव्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. राग त्याचाच होता बहुधा. राहू दे. केस विंचरण्याचं वाचून थांबलो.

थेम्सकाठचा
इंग्लंडात हे कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी ठरवतो. तोही नातेवाइकांची परवानगी मागत नाही, फक्त कळवतो. मात्र कळवताना एक ठरलेली व्यक्ती फोनवर असते, तिचं नाव आणि नंबर तुमच्याकडे असतो. फरक मला तेवढाच जाणवला आणि तो फार मोठा आहे.

खाकीपोर
मुंबईतही कॉरोनर होता की! १८७१ च्या कायद्याने चालायचं. १९९९ मध्ये बंद झालं. वडिलांच्या बोलण्यात ‘कॉरोनर कोर्ट’ यायचं तेव्हा मला ते करोनाचं काहीतरी वाटायचं, म्हणजे आता आठवताना.

सुगरण_नव्हे
आणि पोलिसांचा काही संबंध नसेल तर? घरच्यांनाच जाणून घ्यायचं असेल तर?

निवृत्त_एमओ
तो दुसरा प्रकार, पॅथॉलॉजिकल ऑटोप्सी. आजार कळला नाही किंवा उपचार का लागू पडले नाहीत हे समजून घेण्यासाठी. तिथे जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते आणि एखाद्याच अवयवापुरती संमतीही देता येते. मोठ्या शिक्षणसंस्थांत होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत याची जुनी परंपरा आहे. पण जगभर प्रमाण घटत चाललंय. डॉक्टरांना वाटतं स्कॅनमध्ये सगळं दिसतं, घरच्यांना वाटतं आता कशाला, आणि विचारायचं कसं हे कुणी शिकवत नाही.

आमच्या वेळी सीपीसी नावाचा प्रकार असे. एखादा ज्येष्ठ फिजिशियन मंचावर उभा राहून गेलेल्या रुग्णाचं निदान तासभर तर्काने मांडायचा आणि शेवटी पॅथॉलॉजीवाला उठून अवयवांच्या स्लाइड दाखवायचा. भल्याभल्यांची तिथे सगळ्यांसमक्ष दांडी उडायची. कुणी रागावत नसे.

इतिहासवेडा
अवांतर, पण राहवत नाही. व्हिएन्ना, १८४७. सेमेलवाइसच्या प्रसूती कक्षात बाळंतरोगाने बायका पटापट मरत होत्या आणि कारण सापडत नव्हतं. त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदन शिकवताना विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी झाला आणि जंतुसंसर्गाने गेला. त्याच्या देहात जे आढळलं ते सेमेलवाइसने वाचलं, तर हुबेहूब त्या बायकांसारखं. म्हणजे शवागारातून थेट प्रसूतीला येणारे डॉक्टरांचे हातच कारण! त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. शवविच्छेदनानेच रोग पसरवला आणि शवविच्छेदनानेच तो पकडून दिला.

टिवल्याबावल्या
आणि २०२० मध्ये आमच्या गटावर आलं होतं की इटलीने बंदी मोडून कोविडच्या देहाचं पोस्टमार्टेम केलं आणि विषाणू नाहीच, जिवाणू निघाला, अ‍ॅस्पिरिन घ्या. काही दिवसांनी तोच मजकूर रशियाच्या नावाने आला, मग सिंगापूरच्या. पोस्टमार्टेम एकच, देह मात्र जगभर फिरत होता.

पॅथोबुवा
ते खोटं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने अशी बंदी घातलीच नव्हती. त्यात खऱ्याचा कण एवढाच की कोविडच्या मृतांच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या असतात हे पीएममधूनच नीट दिसलं आणि रक्त पातळ ठेवण्याच्या उपचारांकडे लक्ष गेलं.

यावरून मूळ बातमीकडे येतो, कारण रानजाईंच्या भाच्यांना थोडा धक्का द्यायचा आहे. मृतदेहाची बायोप्सी असते! तिला मिनिमली इन्व्हेसिव्ह टिश्यू सॅम्पलिंग म्हणतात. देह न उघडता मृत्यूनंतर लवकरात लवकर यकृत, फुप्फुस, मेंदू अशा ठिकाणी सुया घालून बारीक तुकडे, रक्त, पाठीतलं पाणी घेतात. जिथे लोक पूर्ण पीएमला तयार होत नाहीत, विशेषतः लहान बाळं दगावतात, तिथे हे उपयोगी पडतं. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात नवजात बाळांच्या मृत्यूंवर असं काम झालं आहे. संसर्गाने गेलेला माणूस असेल तर सुयांतून बरंच कळतं. भोसकल्याची किंवा मुक्या माराची केस असेल तर मात्र पूर्ण पीएमला पर्याय नाही. दिल्लीच्याच एम्समध्ये २०२१ पासून आभासी शवविच्छेदन आहे, म्हणजे देहाचं सीटी स्कॅन. मोडलेली हाडं, आत राहिलेली गोळी उत्तम दिसते, विष दिसत नाही.

शिवाय साध्या पीएममध्येही हृदयाचा, फुप्फुसाचा तुकडा घेऊन आमच्याकडे पाठवतात. तेच मेण, तोच मायक्रोटोम, तोच रंग. माझ्या टेबलावर दोन्ही ट्रे शेजारी शेजारी असतात.

रानजाई
म्हणजे बातमीदार बरोबर?

निवृत्त_एमओ
बातमीदाराला बहुधा हवालदाराने जे सांगितलं ते त्याने जमेल तसं लिहिलं. काही तासांत दगावलेला तरुण म्हटल्यावर पीएम झालं असणार आणि नमुने राखले असणार. पण टिंगल करण्याइतकं चूक नव्हतं, हे खरं.

माणदेशी
एक विचारतो. भाचीच्या वेळी आम्ही मोठ्या शहरात दुसरं मत घ्यायचं म्हणत होतो, तर रिपोर्टची झेरॉक्स चालली नाही.

पॅथोबुवा
चालत नाहीच. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात, त्यांचा पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतो. लॅबकडून लेखी अर्ज देऊन घ्यायचे, तो तुमचा हक्क आहे. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, फक्त उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे घडलेलं आहे म्हणून सांगतोय.

सुगरण_नव्हे
आमच्या दोघांचा देहदानाचा फॉर्म भरलेला आहे. पीएम झालं तर तो चालतो का?

निवृत्त_एमओ
नाही. शरीररचनाशास्त्र विभाग पीएम झालेला देह घेत नाही, त्यांना अखंड देह लागतो. डोळे मात्र देता येतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, आणि पोलीस केस असेल तर त्यांच्या परवानगीने. म्हणून घरच्यांना दोन नंबर देऊन ठेवा, नेत्रपेढीचा वेगळा आणि मेडिकल कॉलेजचा वेगळा.

टिवल्याबावल्या
आमच्या मातोश्रींनीही फॉर्म भरलाय, पण कुठल्या खणात ठेवलाय ते त्यांनाच माहीत. विचारलं की म्हणतात, वेळ आली की सांगीन.